माणशी वेगळा भाव

धनंजय मगदूम यांनी शिरोलीच्या एका फौंड्रीत एकोणतीस वर्षं खरेदी खातं सांभाळलं. कच्चं लोखंड, भट्टीत जाळायचा कोक, साच्याची वाळू, भट्टीच्या विटा, सगळं त्यांच्या सहीनं यायचं. माल विकायला येणारे लोक त्यांच्या केबिनच्या दाराशीच पाच टक्के सोडून देतात, असं कंपनीत गमतीनं म्हटलं जाई. मगदूम ती गंमत मानत नसत. ते खरंच होतं.

निवृत्त झाल्यावर दीड वर्षानं त्यांची जुनी गाडी मुदत संपली म्हणून भंगारात गेली. शहरात आता बहुतेक गाड्या आपल्या आपणच चालत. मोबाइलवर बोलावली की दारात यायची, सोडून परत जायची. पण मगदूमांना स्टिअरिंग असलेलीच गाडी हवी होती आणि तसली गाडी आता फक्त ‘तरंग’ उरली होती. त्यांचा मेव्हणा बापू याने ती मागच्या महिन्यात बारा लाख तीस हजारांना घेतली होती. बापूला आयुष्यात कधी भेंडीचा भावसुद्धा कमी करून घेता आलेला नव्हता.

“बारा तीसला बापूला देतात, म्हणजे मला अकरा ऐंशीला द्यायला पाहिजे,” मगदूम बायकोला म्हणाले.

मंगळवारी सकाळी अकराला दोघं उचगावजवळच्या पारगावकर मोटर्समध्ये गेले. महिनाअखेर होती. विकणाऱ्यांना महिन्याचा आकडा गाठायची घाई असते, म्हणून दिवस मुद्दाम निवडलेला. अन्वी पाटोळे नावाच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुलीनं त्यांना गाडी दाखवली, दरवाजे उघडून दाखवले, राजश्रीबाईंना पुढच्या सीटवर बसवलं.

“रंग जरा विटकाच वाटतोय,” राजश्रीबाई नाक मुरडून म्हणाल्या. “आणि सीटवर अवघडल्यासारखं होतंय.”

ही त्यांची ठरलेली पद्धत होती. एकतीस वर्षांच्या संसारात फ्रीज घेताना, फ्लॅट घेताना, अगदी राजश्रीबाईंच्या स्वतःच्या साड्या घेतानासुद्धा मगदूम बोलणी करायचे आणि राजश्रीबाई नापसंतीचा चेहरा करून बाजूला उभ्या राहायच्या. मग मगदूम दुकानदाराला म्हणायचे, “हिला काही पसंत दिसत नाही. चला.” आणि दुकानदार मागून हाक मारायचा.

अन्वीनं हाक मारली नाही. तिनं दोघांना काचेच्या एका लहान खोलीत नेलं. टेबलाच्या वर ट्यूबलाइटसारखी एक काळी पट्टी होती आणि तिच्यात तीन भिंगं. तिनं एक फॉर्म पुढे केला.

“हे काय?” मगदूमांनी विचारलं.

“सममूल्य मापनाची संमती, सर. सही केलीत की तुमची किंमत निघेल. सही करायची नसेल तर छापील किंमत पडते, सतरा लाख चाळीस हजार.”

“किंमत निघेल म्हणजे? किंमत तू सांगायची, मी कमी करायची.”

“माझ्याकडे किंमत नसते, सर,” अन्वी म्हणाली. दिवसातून दहा वेळा म्हणावं लागत असावं, असा तिचा सूर होता.

मगदूमांनी सममूल्याबद्दल वाचलं होतं, पण ते मुंबई-पुण्याचं फॅड आहे असं समजून सोडून दिलं होतं. त्यामागचं शास्त्र तसं अवघड नव्हतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याच्या कातडीखालून रक्ताची एक बारीक लाट जाते. त्या लाटेनं कातडीचा रंग क्षणभर किंचित बदलतो. माणसाच्या डोळ्याला तो बदल दिसत नाही, चांगल्या कॅमेऱ्याला दिसतो. आधी हे दवाखान्यांनी वापरलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगाला तारा न चिकटवता लांबूनच त्याची नाडी मोजता येऊ लागली. नंतर विक्रीच्या धंद्यातल्या कुणाच्या तरी लक्षात आलं की गिऱ्हाइकाचीही नाडी अशीच मोजता येईल. नाडीच्या जोडीला डोळ्यातली बाहुली किती रुंदावते, आवाज कुठे कापतो, माणूस खुर्चीत कधी पुढे सरकतो, हेही आलं.

पडद्यावर गाडीचं एकेक अंग दाखवायचं, मधूनच एकेक किंमत दाखवायची आणि शरीर काय म्हणतं ते टिपायचं. गाडी हातची जाईल म्हणून शरीर कुठे दचकतं आणि फार महाग पडेल म्हणून कुठे आक्रसतं, या दोन जागांच्या मध्ये त्या माणसाचा आकडा असतो. तो माणशी वेगळा निघतो. ज्याला ओढ कमी, त्याला स्वस्त. ज्याचा जीव अडकलाय, त्याला महाग. कंपनी याला न्याय्य किंमत म्हणायची, कारण प्रत्येक जण आपल्याला परवडेल तेवढंच देतो.

मगदूमांनी सही केली. अशी यंत्रं माणसांनीच बनवलेली असतात आणि माणसांना आपण एकोणतीस वर्षं हाताळलंय, असा त्यांचा हिशोब. सहा मिनिटं दोघं पडद्याकडे बघत बसले. राजश्रीबाईंनी मध्येच जांभईसुद्धा दिली. मग अन्वीनं टॅब वळवून दाखवला. चौदा लाख पंच्याऐंशी हजार.

“चौदा पंच्याऐंशी? माझ्या मेव्हण्याला हीच गाडी बारा तीसला दिलीत तुम्ही!”

“त्यांचा आकडा तसा आला असेल, सर.”

“गाडी तीच ना? लोखंड तेच, बॅटरी तीच, चाकं चारच ना?”

“गाडी तीच आहे, सर. माणूस वेगळा आहे.”

मगदूमांनी घड्याळाकडे बघितलं. टायर हलक्या प्रतीचे आहेत म्हणाले. दुसऱ्या डीलरचं नाव घेतलं. शेवटी खुर्ची मागे सारून उठले आणि दारापर्यंत गेले. तिथे मागे वळून बघितलं तर टॅबवर आकडा बदलला होता. पंधरा लाख दहा हजार.

“अगं, वाढला कसा?”

“मापन अजून चालू आहे, सर. तुम्ही चिडलात ना.” अन्वी जरा ओशाळली. “ज्याला गाडी नको असते तो एवढं भांडत बसत नाही. हसून निघून जातो.”

परतीच्या वाटेवर मगदूम स्वतःशीच बडबडत होते. भांडलं तर भाव वाढतो, गप्प बसलं तरी वाढतो, मग माणसानं करायचं काय? राजश्रीबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

पुढचे दहा दिवस मगदूमांनी तयारीत घालवले. त्यांच्यासारखे वैतागलेले लोक गावात पुष्कळ होते आणि त्यांच्यासाठी राजारामपुरीत चक्क क्लास निघाले होते. मगदूमांनी एक लावला. सात-आठ पोक्त माणसं सतरंजीवर बसून पडद्यावरच्या गाड्यांकडे मख्खपणे बघायची आणि श्वास मोजायची. शिकवणारे गृहस्थ सांगायचे, “मनात म्हणा, मला काही नको. म्हणू नका नुसतं, तसं वाटू द्या.” मगदूम घरीही सराव करू लागले. जेवताना आवडती वांग्याची भाजी समोर आली तरी ते तिच्याकडे परक्यासारखं बघत. राजश्रीबाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी दुधी केला.

दुसऱ्या खेपेला ते एकटेच गेले. “तुझं काही काम नाही. मला एकाग्र व्हायचंय,” असं बायकोला सांगून गेले. सहा मिनिटं श्वास मोजला आणि टॅबकडे बघितलं तर बारा लाख पंच्याण्णव हजार.

दोन लाखांहून जास्त उतरले होते. फौंड्रीत कोकचा मोठा सौदा केला तेव्हाही त्यांना एवढा आनंद झाला नव्हता. त्यांनी जागच्या जागी अकरा हजार बुकिंग भरलं. अन्वी करारातली कलमं वाचून दाखवत होती, ती त्यांनी अर्ध्या कानानंच ऐकली.

“आणि सर, तीन वर्षांचं बंधन आहे. हा आकडा तुमचा आहे, त्यामुळे स्टिअरिंग फक्त तुमच्या हाताला चालू होईल. दुसऱ्या कुणाला चालवायची असेल तर त्यांचं मापन करून फरक भरावा लागतो.”

“हे आणि कशाला?”

“सुरुवातीला लोक आपल्याऐवजी भलत्यालाच पाठवायचे ना. ज्याला गाडीत काडीचा रस नाही अशा माणसाला दोन हजार देऊन बसवायचं, त्याच्या आकड्याला गाडी घ्यायची आणि चालवायची आपण. म्हणून कंपनीनं हे केलं.” तिनं पेन पुढे केला. “मॅडम चालवतात का?”

“ती?” मगदूम हसले. “तिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. कुठे सही करायची बोल.”

घरी जाताना त्यांनी अर्धा किलो पेढे घेतले. राजश्रीबाईंच्या हातावर पेढा ठेवून त्यांनी सगळा प्रसंग रंगवून सांगितला. श्वास कसा मोजला, डोळे कसे अर्धे मिटले, तीन वर्षांचं बंधनसुद्धा सांगितलं. राजश्रीबाईंनी पेढा खाल्ला नाही.

“म्हणजे मला चालवता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“तुला कुठे चालवायचीय?”

राजश्रीबाई आत गेल्या आणि कपाटातून एक कार्ड आणून त्यांनी पेढ्यांच्या खोक्याशेजारी ठेवलं. वाहन चालवण्याचा परवाना होता. राजश्री धनंजय मगदूम. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची.

मगदूमांनी तो उलटसुलट करून बघितला. “हे कधी केलंस?”

“तुमची कंबर धरली होती आठवतंय? तुम्ही जमिनीवर पडून ओरडत होता आणि गाडी दारात उभी होती. तरी त्या बिनचालकाच्या गाडीची वाट बघत आपण चाळीस मिनिटं बसलो. त्यानंतर लावला क्लास. सकाळी फिरायला जाते म्हणायची ना, ते तिकडं जायची.”

“सांगितलं का नाहीस मग?”

“काय सांगू? फाटकाला एकदा गाडी घासली माझ्याकडून, ते तुम्ही नऊ वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगत होता.”

मगदूम वैतागले. खरं म्हणजे ते स्वतःवरच वैतागले होते, पण ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. “अगं पण तुला गाडीची हौस आहे हे मला कसं कळणार? त्या दिवशी तूच म्हणालीस, रंग विटका आहे, सीटवर अवघडतं—”

“ते म्हणायचंच असतं ना!” राजश्रीबाईंचा आवाज चढला, तसा तो कधी चढत नसे. “तुम्हीच शिकवलंय. आवडलं तरी तोंड वाकडं करायचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला महाद्वार रोडला ती मोरपंखी साडी बघितली तेव्हापासून करतेय मी हे. दुकानदार फसले की नाही देव जाणे. तुम्ही मात्र फसलात. एकतीस वर्षं तुम्हाला वाटतंय की हिला काही आवडतच नाही.”

मगदूम खुर्चीत बसले. मोरपंखी साडी त्यांना आठवली नाही. एवढंच आठवलं की त्या दुकानदारानं हाक मारली नव्हती आणि ते दोघं तसेच बाहेर पडले होते.

“पुलावर पहिल्यांदा साठच्या वेगानं गाडी गेली ना,” राजश्रीबाई हळू आवाजात म्हणाल्या, “तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. शिकवणारी बाई घाबरली.” मग त्या उठल्या. “असू दे. बारा पंच्याण्णवला मिळतेय तर घेऊन टाका. मी काय, बसेन शेजारी.”

त्या आत भांडी लावू लागल्या. मगदूमांना भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी नाष्ट्याच्या वेळी ते म्हणाले, “आवर. तुझं मापन करून येऊ. होईल पन्नास-साठ हजारांचा फरक, तो भरू.”

राजश्रीबाई नको म्हणाल्या, मग अजून एकदा नको म्हणाल्या, आणि मग चांगली साडी नेसून आल्या.

या वेळी काचेच्या खोलीत त्या एकट्या बसल्या आणि मगदूम बाहेर सोफ्यावर. काचेतून त्यांना बायको पाठमोरी दिसत होती. अंबाडा घातलेली, ताठ बसलेली. सहा मिनिटांनी अन्वीनं त्यांना आत बोलावलं. तिला टॅब वळवावासा वाटत नव्हता, हे त्यांच्या अनुभवी डोळ्यांना लगेच कळलं.

सोळा लाख वीस हजार.

“यंत्र बिघडलंय,” मगदूम म्हणाले.

“नाही सर. दोनदा तपासलं.”

“तीन लाख पंचवीस हजारांचा फरक? अगं, आम्ही दोघं आलो होतो तेव्हा चौदा पंच्याऐंशी होता ना?”

“तो दोघांचा मिळून होता, सर. मॅडमचा जास्त आणि तुमचा कमी.” अन्वीनं टॅबवर मागची नोंद बघितली. “तुमचा पहिल्या दिवशीही साधारण तेराच होता.”

मगदूमांना हे समजायला जरा वेळ लागला. म्हणजे दहा दिवस सतरंजीवर बसून श्वास मोजला, वांग्याच्या भाजीला मुकलो, त्याचा काही संबंधच नव्हता. भाव उतरला तो बायकोला घरी ठेवलं म्हणून.

राजश्रीबाईंच्या हातात त्यांच्या मापनाचा कागद होता. तो फक्त ज्याचा त्याला मिळे. मगदूम डोकावून बघू लागले, तशी त्यांनी तो दुमडला.

“बघू तरी दे.”

“माझा आहे तो.”

“बरं.” मगदूमांनी एक मोठा श्वास घेतला, या वेळी न मोजता. पंधरापर्यंत खर्च करायची त्यांची तयारी होती. वरचे एक लाख वीस हजार ठेव मोडून काढता आले असते. “बरं, भरू. कर गं मुली कागद सोळा वीसचे.”

“नाही,” राजश्रीबाई म्हणाल्या.

“नाही काय? मी भरतोय ना!”

“मला कळतंय. पण मी देणार नाही. बापूला गाडीची हौस नव्हती, त्याला बारा तीसला. मला हवीय तर मी सोळा वीस द्यायचे? मला काही हवं असणं हा काय गुन्हा आहे, त्याचा दंड भरायला?”

“आता तूच भाव करायला लागलीस व्हय? काल म्हणत होतीस मला चालवता येणार नाही, आज ती सोय करतोय तर नाही म्हणतेस!” मगदूमांनी कपाळावर हात मारला. “काय करायचं माणसानं? घ्यायची नाही म्हटलं तरी तू रुसणार, घेऊ म्हटलं तरी तू—”

“सर,” अन्वी म्हणाली, “मापन चालू आहे.”

टॅबवर सोळा चौतीस झाले होते. मग राजश्रीबाईंनी अन्वीला सरळ विचारलं, “तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस गं?”

अन्वीनं वरच्या काळ्या पट्टीकडे एकदा बघितलं. “काकू, इथला चहा चांगला नसतो. बाहेर गाडा आहे, चला.”

बाहेर पार्किंगच्या कडेला, निलगिरीच्या झाडाखाली चहाचे कप हातात आल्यावर ती बोलली. आत बोललेलं सगळं कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयात ऐकलं जातं, आणि गिऱ्हाइकाला दुसरी वाट दाखवली तर पगार कापतात. “ती कोपऱ्यातली निळी तरंग दिसतेय? ती लोकांना चालवून दाखवायची गाडी. साडेचार हजार किलोमीटर पळालीय. ती कंपनीची नाही, आमच्या मालकांची आहे. सममूल्य फक्त कोऱ्या गाडीला लागतं. हिची किंमत मालक स्वतः ठरवतात आणि हिला हाताचं बंधनही नाही, कुणीही चालवावी. मीच रोज चालवते.”

“मग हे आधी का सांगितलं नाहीस?” मगदूम भडकले.

“सर, तिच्यावर मला एक रुपया मिळत नाही,” अन्वी म्हणाली. तीही आता कंटाळली होती. “उलट तुमचं बुकिंग रद्द झालं की या महिन्याचा माझा आकडा हुकतो. तरी सांगितलं.”

राजश्रीबाईंनी चहाचे पैसे दिले.

मालक भूपालअण्णा पारगावकर पहिल्या मजल्यावर बसत. वय शहात्तर. एके काळी याच शोरूममध्ये खाली उभं राहून त्यांनी हजारो गाड्या विकल्या होत्या. आता दिवसभर सह्या करत आणि पेपर वाचत. एक गिऱ्हाईक निळ्या गाडीचा भाव विचारायला वर आलंय म्हटल्यावर त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा पुसला आणि खुर्चीत सावरून बसले.

“तेरा नव्वद,” ते म्हणाले.

“चालवून चोथा केलेली गाडी,” मगदूम म्हणाले. “साडेअकरा.”

भूपालअण्णांनी डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी आवडीचं काही कानावर पडावं तसा त्यांचा चेहरा झाला. “साहेब, साडेअकराला मी तुम्हाला तिचा फोटो देतो. फ्रेम करून.”

अण्णांनी चहा मागवला आणि पाऊण तास गेला. मगदूम दोनदा उठले, अण्णांनी दोनदा बसवलं. बॅटरीची हमी निघाली, मागच्या बंपरवरचा ओरखडा निघाला, सरकीचे भाव निघाले, अण्णांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मगदूमांना कपाळावरचा घाम पुसताना बरं वाटत होतं. आता मापायचं तर माप, असं त्या यंत्राला म्हणावं. गाडं शेवटी तेरा लाखांवर येऊन अडलं. अण्णा तेरा दहा म्हणत होते, मगदूम बारा नव्वद. मध्ये कुठेतरी मिटणार हे दोघांनाही कळत होतं.

“वहिनींना विचारू की,” अण्णा म्हणाले. “त्यांना पसंत पडली का ते तरी कळू दे. बोलवा.”

मगदूमांनी खिडकीतून खाली बघितलं. निळ्या गाडीत राजश्रीबाई स्टिअरिंगसमोर बसल्या होत्या. शेजारी अन्वी होती. राजश्रीबाई आरसा वर-खाली करून बघत होत्या आणि काहीतरी सांगून हसत होत्या. आता वर बोलावलं, ठरलेल्या खुणेनं भुवई जराशी उचलली, तर त्या तोंड वाकडं करतील. सीटवर अवघडतं म्हणतील. एकतीस वर्षांत एकदाही चुकल्या नव्हत्या. अण्णा बारा नव्वदला येतील, कदाचित पंच्याऐंशीलाही.

राजश्रीबाई वर आल्या. सवयीनं त्यांनी नवऱ्याच्या भुवईकडे बघितलं. मगदूमांनी भुवई उचलली नाही.

“आवडली का गं तुला?” त्यांनी विचारलं. मग लगेच, “खरं सांग. नेहमीचं नको.”

राजश्रीबाई गोंधळल्या. त्यांनी अण्णांकडे बघितलं, परत नवऱ्याकडे बघितलं. “आवडली,” त्या म्हणाल्या. शब्द जरा अडखळत आला. मग त्यांनी तो पुन्हा म्हटला. “फार आवडली हो. मला हीच पाहिजे.”

भूपालअण्णांनी पेन टेबलावर ठेवलं आणि खुर्चीला मागे टेकले.

“तेरा चाळीस,” ते म्हणाले.

“अहो अण्णा! आत्ता तेरा दहा म्हणालात!”

“वहिनी यायच्या आधी म्हणालो.” अण्णांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू आलं होतं. “मगदूमसाहेब, पन्नास वर्षं धंदा केला, असला सौदा बघितला नाही. तुम्ही स्वतःच बायकोला खरं बोलायला लावलंत. आता मी कमी केलं तर मला धंदा येत नाही असं होईल.”

“तुमच्यात आणि त्या यंत्रात फरक काय मग?”

“मी तुम्हाला चहा पाजला,” अण्णा म्हणाले. “आणि तेरा तीसला देतो. पण यापुढे एक रुपया बोलायचा नाही. आणि तुमचं बुकिंग रद्द होऊन खालच्या पोरीचा आकडा हुकेल, त्याची भरपाई माझ्या खिशातून जाणार आहे, ते मी धरलेलं नाही.”

मगदूमांनी राजश्रीबाईंकडे बघितलं. त्यांचं हिशोबी डोकं अजून चालू होतं. दोन शब्दांचे चाळीस हजार झाले होते. एवढा महाग माल त्यांनी फौंड्रीच्या अख्ख्या नोकरीत घेतला नव्हता. त्यांनी सही केली.

कागद व्हायला दुपारचे साडेतीन वाजले. निळी गाडी दारात आली तेव्हा मगदूम सवयीनं उजव्या बाजूला गेले, दारावर हात ठेवला, तर आत राजश्रीबाई बसलेल्या. ते वळसा घालून डाव्या बाजूनं बसले. पट्टा कुठून ओढायचा ते त्यांना सापडेना, तो राजश्रीबाईंनी लावून दिला.

गाडी हायवेच्या सेवारस्त्याला लागली.

“हळू. पुढे ट्रक आहे.”

“दिसतोय.”

“आरसा बघ. डाव्या आरशात बघ. इंडिकेटर आधी द्यायचा, मग वळायचं. अगं, खड्डा! ब्रेक, ब्रेक!” मगदूमांचा पाय समोरच्या पायपुसण्यावर जोरात दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. “हे बघ, असं चालवत असशील तर मीच बरा. बाजूला घे, मी दाखवतो. पुढच्या चौकातून आत घे, तो रस्ता जवळचा. मागचा हॉर्न देतोय, ऐकू येत नाही का तुला?”

राजश्रीबाईंनी इंडिकेटर दिला, गाडी शांतपणे कडेला घेतली, थांबवली आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत बसल्या. मागची वाहनं निघून गेली.

“काय झालं?” मगदूमांनी विचारलं. “बंद पडली? तरी मी म्हणत होतो, वापरलेली गाडी—”

“काही झालं नाही.”

“मग थांबलीस का?”

“तुमचं बोलून होऊ दे,” राजश्रीबाई म्हणाल्या. “मग जाऊया. मला घाई नाही.”

मगदूमांनी तोंड उघडलं. उसाच्या रसाच्या गाड्यावरचे दोघं-तिघं त्यांच्याकडे बघत होते. ऊन त्यांच्याच बाजूच्या काचेवर होतं. बोलण्यासारखं त्यांच्याकडे अजून पुष्कळ होतं. पाच मिनिटं ते सगळं त्यांच्या तोंडाशी येत राहिलं आणि ते ते गिळत राहिले. वैतागून त्यांनी हाताची घडी घातली आणि काचेबाहेर बघायला लागले.

राजश्रीबाईंनी अजून जरा वेळ वाट बघितली. खात्री पटल्यावर त्यांनी मान वळवून मागचा रस्ता पाहिला आणि गाडी हायवेवर घेतली. पुढचा चौक आला, त्यातून त्या आत वळल्या नाहीत.

मगदूम काही बोलले नाहीत.